आवृत्ती-नियंत्रण सर्व्हर, वेब-प्रवेशासह

आज्ञावलीच्या फायलींत कोणी, केव्हा व कोणता बदल केला याची नोंद सांभाळणारा आणि हवी ती जुनी आवृत्ती परत मिळवून देणारा सामाईक संगणक. हा इतिहास ब्राउझरमधूनही पाहता आला, तर त्या सर्व्हरला वेब-प्रवेश आहे असे म्हणतात.

पूर्वपीठिका : बेल लॅबोरेटरीजमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये 'एससीसीएस' ही अशी पहिली महत्त्वाची प्रणाली लिहिली. पुढे 'सीव्हीएस' व 'सबव्हर्जन' (आवृत्ती १.०, २००४) रूढ झाल्या. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी 'गिट' तयार केली. सबव्हर्जनमध्ये पूर्ण इतिहास फक्त सर्व्हरवर असतो. गिटमध्ये सहसा तो प्रत्येक सहकाऱ्याच्या संगणकावर उतरतो. त्यामुळे म्हैसूर जिल्ह्यातील हुणसूरसारख्या तालुक्याच्या गावी बसून काम करणाऱ्याची इंटरनेट जोडणी तुटली, तरी बदल नोंदवणे थांबत नाही. जोडणी आली की ते सर्व्हरवर पाठवता येतात.

उभारणी : लिनक्स संगणकावर गिटसाठी वेगळे खाते उघडून त्यात 'बेअर' भांडार तयार करतात. त्यात कामाच्या फायली मांडलेल्या नसतात, फक्त इतिहास असतो. एसएसएच मार्गाने (पोर्ट २२) देवघेव लगेच सुरू होते. वेबसाठी अपाचे किंवा एनजिनएक्स बसवून त्यांना 'गिट-एचटीटीपी-बॅकएंड' जोडतात. नुसता इतिहास दाखवायला 'गिटवेब' पुरते. ओळख न पटवता बदल पाठवू पाहणाऱ्याला हा बॅकएंड मुळातच अडवतो. ही अट शिथिल करू नये.

नेहमी अडते ते मालकीपाशी. भांडार रूट खात्याने तयार केलेले असते आणि वेब सर्व्हर दुसऱ्याच खात्याने चालतो. गिटच्या २०२२ पासूनच्या आवृत्त्या मालकी जुळली नाही, तर भांडार उघडायलाच नकार देतात. अशा वेळी सर्वांना सर्व अधिकार देऊन मोकळे होणे धोक्याचे. भांडाराची मालकी योग्य खात्याकडे सोपवावी. पासवर्ड उघडा जाऊ नये म्हणून वाहतूक पोर्ट ४४३ वरून, सांकेतिक रूपातच व्हावी. 'लेट्स एन्क्रिप्ट'कडून यासाठीचे प्रमाणपत्र मोफत मिळते. मात्र त्याची मुदत कमी असल्याने नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करावी लागते.

तयार संच : 'गिटलॅब' (२०११) चर्चा, तपासणी व चाचण्यांसह येते, पण तिला भरपूर मेमरी लागते. 'गिटी' (२०१६) रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही चालते. लहान चमूने गिटीपासून सुरुवात करणे श्रेयस्कर.

भारतात : सरकारी आज्ञावलींचा स्रोत खुला करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले. त्यासाठी 'ओपनफोर्ज' हे सरकारी संकेतस्थळ चालवले जाते.

देखभाल : प्रत्येकाकडे प्रत असली तरी वापरकर्त्यांची खाती, परवानग्या व चर्चा सर्व्हरवरच राहतात. म्हणून रोजची राखीव प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती अधूनमधून कोऱ्या संगणकावर उतरवून पाहावी. ही चाचणी पार पडल्याशिवाय उभारणी पूर्ण झाली असे समजू नये.