पेंढारी, पार्लमेंट आणि कामठ्याचे चिमणा पाटील

गोंदिया तालुक्यात कामठा नावाचे गाव आहे. नागपूरजवळची कामठी ती वेगळी. तिथे 1821 मध्ये इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी वसली. या छावणीच्या तीन वर्षे आधी, 1818 मध्ये, कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील यांनी पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांची बाजू घेऊन इंग्रजांविरुद्ध उठाव केला. नागपूरहून कॅप्टन गॉर्डनची तुकडी आली, कामठा पडले, चिमणा पाटील कैद झाले आणि पुढे ही मोठी जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. स्थानिक इतिहासात ही हकीकत इथेच संपते. पण कामठ्यावर फौज आली त्यामागची कारणे शोधत गेलो, तर वाट नर्मदाकाठच्या पेंढाऱ्यांपर्यंत आणि तिथून थेट लंडनच्या पार्लमेंटपर्यंत जाते.

आरंभ 1775 च्या सुरत तहापासून करावा लागतो. मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादांचा पक्ष घेतला आणि सात वर्षांचे खर्चिक युद्ध अंगावर ओढवून घेतले. त्याचा शेवट सालबाईच्या तहात झाला. परक्या मुलखातले आपले अधिकारी आपल्याला न विचारता लढाया सुरू करतात, हे पार्लमेंटला खुपले. म्हणून 1784 च्या पिटच्या कायद्यात एक कलम आले. हिंदुस्थानात मुलूख जिंकणे व राज्य वाढवणे हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला सोडून आहे, असे त्यात म्हटले होते. विलायतेच्या हुकमाशिवाय गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारू नये, असा निर्बंध घातला होता. अपवाद एकच: शत्रूने कंपनीवर, किंवा तहाने संरक्षणाची हमी दिलेल्या संस्थानिकावर, चाल केली असेल किंवा तशी तयारी चालवली असेल तर. हाच निर्बंध 1793 च्या सनदी कायद्यात पुन्हा घालण्यात आला.

हा कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे शत्रू म्हणजे दरबार होता: गादी, वकील आणि शिक्का असलेला. पेंढारी या चौकटीत बसत नव्हते. कोणी शिंदेशाही, कोणी होळकरशाही म्हणवत. पगाराऐवजी लुटीवर जगत आणि लुटीतला वाटा पालपट्टी म्हणून सरदारांना देत. चितू आणि करीमखान यांना दौलतराव शिंद्यांकडून नबाबी किताब व जहागिरी मिळाल्या होत्या. तरी त्यांनी धाड घातली की दरबार हात वर करीत असे: ही आमची फौज नव्हे, ते आमचे ऐकत नाहीत. यात सोय होती, तसे थोडे खरेही होते. ते कवायती पलटणींशी समोरासमोर लढत नसत. पलटण कुठे आहे ते हेरून तिला चुकवत आणि तिच्या भरवशावर बसलेली गावे लुटत.

मार्च 1816 मध्ये त्यांनी कंपनीच्या गुंटूर मुलखात शिरून बारा दिवसांत 339 खेडी लुटली. सरकारी चौकशीत 182 ठार, 505 जखमी आणि 3,600 हून अधिक लोकांचा छळ अशी नोंद झाली. त्यापुढच्याच मे महिन्यात नागपूरच्या अप्पासाहेबांनी तैनाती फौजेचा तह केला, आणि भोसल्यांचा मुलूखही कंपनीच्या हमीखाली आला. आता नागपूर राज्यातल्या धाडीलाही कायद्यातला अपवाद लागू होत होता.

बोर्ड ऑफ कंट्रोलचा अध्यक्ष जॉर्ज कॅनिंग आधी मोठ्या युद्धाला अनुकूल नव्हता. पेंढाऱ्यांपायी सगळ्या मराठा दरबारांशी वैर ओढवेल, ही त्याची धास्ती होती. गुंटूरची बातमी विलायतेस पोहोचल्यावर मात्र त्याने बंदोबस्ताची मोकळीक दिली. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने लाखाच्या वर फौज उभी केली. लुटारूंच्या टोळ्यांसाठी एवढी फौज कशाला, हे मराठा दरबारांना न सांगताही कळले. 5 नोव्हेंबर 1817 रोजी शिंद्यांनी पेंढाऱ्यांविरुद्ध साह्य करण्याच्या तहावर सही केली. त्याच दिवशी खडकीला पेशव्यांशी लढाई जुंपली. त्याच महिन्यात सीताबर्डी, डिसेंबरात महिदपूर झाले.

4 मार्च 1819 रोजी कॅनिंगनेच हाउस ऑफ कॉमन्समध्ये हेस्टिंग्जच्या व फौजेच्या आभाराचा ठराव मांडला. हे आभार लष्करी कामगिरीपुरते आहेत, युद्धाच्या धोरणाला दिलेली मान्यता नव्हे, असे त्याने बजावले. खानदेशात थाळनेरच्या किल्लेदाराला सर थॉमस हिस्लॉपने फाशी दिले होते. त्या कृत्याला सभागृहाची संमती समजू नये, हेही स्पष्ट करण्यात आले. म्हणजे पार्लमेंटला शंका होत्या आणि त्या बोलूनही दाखवल्या गेल्या. पण तोवर पेशवाई बुडाली होती, नागपूरच्या गादीवर बालराजा बसवला होता, आणि कामठा पडले होते.

हा पेच जुना झालेला नाही. अमेरिकेच्या 1973 च्या कायद्यानुसार अध्यक्षाने फौज लढाईत उतरवल्यास 48 तासांत काँग्रेसला कळवावे लागते आणि परवानगी नसल्यास 60 दिवसांनी कारवाई आवरती घ्यावी लागते. 28 जानेवारी 2024 रोजी जॉर्डनमधल्या तळावर इराणच्या पाठबळावरील गटाच्या ड्रोनने तीन अमेरिकी सैनिक ठार केले. दोषी कोण, गट की त्याचा पाठीराखा, आणि त्यासाठी लढण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे प्रश्न पुन्हा उभे राहिले. इराणशी युद्धाला आळा घालणारा काँग्रेसचा ठराव त्याआधी मे 2020 मध्ये अध्यक्षांनी नकाराधिकार वापरून फेटाळला होता.

दोन्हीकडे अडचण अपवादाची आहे. स्वसंरक्षणाची मुभा कोणताही कायदा नाकारू शकत नाही. पण फौज परमुलखात बसवली की संरक्षणाची हद्द तिच्याबरोबर पुढे सरकते. शत्रूचा हात दुसऱ्याचा असला, तर तो हात कोणाचा हे ठरवण्याचा अधिकार फौज पाठवणाऱ्याकडेच जातो. 1817 मध्ये तो हेस्टिंग्जने वापरला.

पुढे कैदेतून निसटलेले अप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाला गेले. तिथे चितू पेंढारी त्यांना येऊन मिळाला. 1819 मध्ये असीरगडाकडच्या जंगलात चितूला वाघाने मारले. अप्पासाहेब 1840 मध्ये जोधपुरात वारले. करीमखान मात्र शरण गेला होता. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. ज्याच्या नावाने युद्ध झाले त्या पेंढाऱ्याला जमीन मिळाली आणि आपल्या राजासाठी उठलेल्या कामठ्याच्या पाटलांची गेली, हेही या हिशेबात धरायला हवे.