फाशांचे दफ्तर

इसवी सन १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातील राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळावयाच्या युद्धक्रीडेचे नियम छापून काढले, आणि दोन्ही पक्षांच्या हालचालींचा निवाडा करण्यासाठी एक मुन्सफ मध्ये बसविला. हा मुन्सफ पुढे बराच भटकला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा या गावी, विम्याच्या कचेरीतील नोकरी गेल्यावर जोडे दुरुस्त करून संसार चालविणारे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटाचे डेव्ह अर्नसन यांनी १९७४ साली तीन पुस्तिकांची एक पेटी हजार प्रतींनिशी विक्रीस काढली, तेव्हा तोच मुन्सफ भुयारांचा आणि राक्षसांचा अधिपती होऊन 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात अवतीर्ण झाला.

या खेळात कल्पनाविलास पुष्कळ असला, तरी त्याचे खरे शरीर हिशेबाचे होते. चिलखताला अंक द्यावयाची कल्पना, अर्नसन यांच्या सांगण्याप्रमाणे, अमेरिकन यादवी युद्धातील लोखंडी जहाजांच्या खेळातून आलेली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत उघड्या अंगाचा अंक १० असे, आणि संरक्षण जितके उत्तम तितका अंक खाली उतरत शून्याच्याही पलीकडे जाई. म्हणजे ऋण अंक दिसताच नवशिक्याने हळहळावे आणि जाणत्याने हर्षित व्हावे, अशी ही उफराटी वहिवाट होती. योद्ध्याच्या नावावर 'थॅको' नामक दुसरा अंक असे. तो १५ असला आणि शत्रूचे चिलखत ३ असले, तर पंधरातून तीन वजा जाऊन वीस पैलूंच्या फाशावर १२ किंवा त्याहून अधिकच दान पडावे लागे. चिलखत उणे दोन असले, तर १७.

१९८८ साली कॅलिफोर्नियाच्या 'स्ट्रॅटेजिक सिम्युलेशन्स' या कंपनीने, मूळ प्रकाशकांकडून इजारा मिळवून, हे सारे नियम 'पूल ऑफ रेडियन्स' या संगणकीय खेळात उतरविले, आणि मुन्सफाची जागा यंत्राने घेतली. सारीपाटावर पडलेले दान सर्वांना दिसते. यंत्राच्या पोटात पडलेले दान मात्र कोणालाच दिसत नाही, केवळ त्याचा निकाल तेवढा कळतो. वार हुकला. का हुकला, याचा जबाब यंत्र क्वचितच देई. ज्याने टेबलावरचे नियमपुस्तक वाचले होते, त्याला मात्र पडद्याआडचा जमाखर्च मनाशी मांडता येई; इतरांना आपल्या पराभवाचे खापर दैवावर फोडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

याचा दाहक प्रत्यय एडमंटन येथील 'बायोवेअर'ने १९९८ साली आणलेल्या 'बॉल्डर्स गेट'मध्ये अनेकांनी घेतला. त्यातील जादूगार अरुंद तळघरात विद्युत्पाताचा मंत्र टाकी, वीज शत्रूला भेदून भिंतीवर आदळे, आणि परत फिरून त्याच्याच सोबत्यांना भाजून काढी. यंत्रात काही बिघाड झाला असावा असा समज करून घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते की, विजेने भिंतीवरून परावर्तित व्हावे असे कलम १९७८ च्या नियमग्रंथातच लिहिलेले होते. वास्तविक या खेळाच्या योजकांनी पारदर्शकतेची सोयही ठेवली होती: मांडणीच्या पर्यायांत एक खूण केली की प्रत्येक वाराचे दान पडद्याच्या तळाशी ओळीने उमटू लागे. पण 'थॅको' म्हणजे काय हेच ज्याला उमगले नाही, त्याला त्या ओळी मोडी लिपीतल्या खतावणीसारख्याच. रुजवात घालावयाची तर आधी कायदा ठाऊक हवा!

२००० साली टेबलावरच्या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली आणि ती उलटी वजाबाकी रद्द झाली. चिलखताचा अंक चढता झाला, हे माझ्या मते शहाणपणाचेच. २०२३ साली बेल्जियमच्या 'लॅरियन'ने आणलेल्या 'बॉल्डर्स गेट ३'मध्ये तर संभाषणातील कसोटीच्या वेळी फासाच पडद्यावर प्रत्यक्ष घरंगळू लागला. तथापि येथे ग्रंथपंडितांचीही पंचाईत झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत 'हेस्ट' या मंत्राने मिळणारी जादा कृती शस्त्राचा एकच वार, धावणे, लपणे अशा मोजक्या गोष्टींपुरती मर्यादित आहे. लॅरियनच्या खेळात त्याच कृतीत दुसरा मंत्रही टाकता येतो. औषधाची कुपी पिण्यासाठी २०१४ च्या त्या ग्रंथात मुख्य कृती खर्ची पडे, खेळात दुय्यम कृतीवर भागते. म्हणून पुस्तकावर संपूर्ण भिस्त ठेवणारा खेळाडू 'हेस्ट'ला कमी लेखतो, आणि हातघाईच्या प्रसंगी, वार आणि कुपी दोन्ही साधत असताना, कुपी कमरेलाच ठेवून केवळ वार करीत राहतो.