मानसशास्त्रीय प्रयोगशिक्षण

वर्तनाविषयीचा प्रश्न पडताळता येईल अशा रूपात मांडणे, त्यासाठी प्रयोगाचा आराखडा आखणे, प्रयोग पार पाडणे व त्याचा अहवाल लिहिणे यांचे पद्धतशीर शिक्षण. महाविद्यालयांत याला सरसकट ‘प्रॅक्टिकल’ म्हणतात. प्रयोग घेणाऱ्यास प्रयोगकर्ता व ज्याच्यावर तो घेतला जातो त्यास प्रयुक्त अशी संज्ञा आहे. वर्गात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून या भूमिका आलटून-पालटून दिल्या जातात.

इतिहास : व्हिल्हेल्म व्हुंट (१८३२–१९२०) यांनी १८७९ मध्ये लाइपसिक येथे प्रयोगशाळा सुरू केली. तेथे काम शिकणारेच एकमेकांचे प्रयुक्त होत. हेर्मान एबिंगहाउस (१८५०–१९०९) यांनी सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार करून स्मरण व विस्मरणाचे प्रयोग स्वतःवरच केले (१८८५). व्हुंट यांचे शिष्य ई. बी. टिचनर (१८६७–१९२७) यांनी कॉर्नेल विद्यापीठात या शिक्षणाला शिस्त लावली. त्यांच्या हस्तपुस्तिकेत (१९०१–०५) विद्यार्थ्यासाठी व शिक्षकासाठी स्वतंत्र खंड आहेत. स्वतंत्र व अवलंबी परिवर्त्य ही परिभाषा रूढ होण्यात आर. एस. वुडवर्थ यांच्या १९३८ च्या पाठ्यपुस्तकाचा मोठा वाटा मानला जातो. यदृच्छ वाटणी व प्रसरण विश्लेषण ही तंत्रे मात्र आर. ए. फिशर यांच्या शेतीवरील प्रयोगांतून आली.

नमुना प्रयोग : म्यूलर-लायर भ्रम (१८८९) हा अभ्यासक्रमात हमखास आढळणारा प्रयोग. साधन म्हणजे एक सरकती पट्टी. तिच्या एका भागावरील रेषेच्या टोकांना आत वळलेली, तर दुसऱ्या भागावरील रेषेच्या टोकांना बाहेर फाकलेली पाती असतात. पहिली रेषा प्रमाण धरतात. दुसरी रेषा तिच्याएवढी दिसेपर्यंत प्रयुक्त पट्टी सरकवतो, व प्रयोगकर्ता मागील बाजूच्या मोजपट्टीवरून मिलिमीटरमध्ये नोंद घेतो. बाहेर फाकलेल्या पात्यांची रेषा आहे त्याहून लांब भासत असल्याने प्रयुक्त ती प्रमाण रेषेपेक्षा आखूड लावतो. हा फरक म्हणजे भ्रमाचे माप.

मात्र या मापात इतर दोषही मिसळलेले असतात. पट्टी आत ढकलताना हात जेथे थांबतो तेथेच ती बाहेर ओढताना थांबेल असे नाही (हालचालदोष). तसेच रेषा डावीकडे की उजवीकडे, यानेही निर्णय बदलतो (स्थानदोष). म्हणून निम्मे प्रयत्न रेषा उघडपणे लांब ठेवून व निम्मे आखूड ठेवून सुरू करतात. बाजूंचीही तशीच समान विभागणी करतात. क्रम क-ख-ख-क असा ठेवल्याने सराव व थकवा यांचा भार दोन्ही स्थितींवर सारखा पडतो. सूचना प्रत्येक प्रयुक्ताला त्याच शब्दांत वाचून दाखवायची, आणि प्रयोग संपेपर्यंत कोणतेही माप त्याला कळू द्यायचे नाही. उत्तर आधीपासून ठाऊक असलेला हा प्रयोग शिकवण्याजोगा ठरतो तो या नियंत्रणांमुळे. पात्यांचा कोन बदलून तुलना केली नाही, तर यास प्रयोग म्हणावे की केवळ मापन, याविषयी मतभेद आहेत.

प्रयोगवही : उद्देश, अभ्युपगम, साहित्य, परिवर्त्ये, नियंत्रणे, सूचना, कार्यपद्धती, निरीक्षण तक्ता, प्रयुक्ताचे निवेदन, चर्चा व निष्कर्ष हे सर्वसाधारण मथळे. प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय जाणवले ते विचारून लिहिण्याची प्रथा अंतर्निरीक्षणाच्या परंपरेशी जुळणारी आहे. निष्कर्षासाठी तिचा उपयोग क्वचितच होतो.

भारतात : कलकत्ता विद्यापीठात १९१५-१६ च्या सुमारास प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. त्याची धुरा हार्वर्ड येथे म्यून्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकलेले एन. एन. सेनगुप्त यांच्याकडे होती. म्हैसूर येथे १९२४ मध्ये एम. व्ही. गोपालस्वामी यांनी विभाग उभारला. पुणे विद्यापीठातील विभाग १९५० मध्ये ‘प्रायोगिक मानसशास्त्र’ याच नावाने सुरू झाला, तेथील व्ही. के. कोठुरकर यांचे कार्य उल्लेखनीय आहे. व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बिने कसोटीचे रूपांतर केले (१९४०). ते मापनाच्या कक्षेत येत असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

नीतिनियम : प्रयुक्ताची माहितीपूर्वक संमती, कधीही माघार घेण्याची मुभा व प्रयोगोत्तर खुलासा आवश्यक मानले जातात. स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगांनंतर (१९६३) ही चर्चा तीव्र झाली. भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे उपलब्ध आहेत.

पुनरावृत्ती : प्रसिद्ध झालेल्या १०० अभ्यासांची पुनरावृत्ती केली असता सुमारे ३६ टक्क्यांतच सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्पत्ती पुन्हा मिळाली (२०१५). या आकड्याच्या अर्थाविषयी वाद आहे. अभ्युपगम व विश्लेषणाची योजना आधीच नोंदवून ठेवण्याचा पायंडा त्यानंतर वाढला.

गुणात्मक पद्धती : मुलाखत, निरीक्षण व व्यक्ति-अभ्यास यांचाही अभ्यासक्रमांत समावेश असतो.