घरून काम, पण दृष्टीआड नको!

लोकलमधील धक्काबुक्की टळते, हिंजवडीच्या वाहतूककोंडीतून सुटका होते आणि वाचलेला वेळ घरच्यांना देता येतो. घरून काम करण्याचे हे फायदे सर्वपरिचित आहेत. मात्र, बढत्यांची यादी जाहीर होण्याची वेळ आली की 'आपण वरिष्ठांच्या लक्षात तरी आहोत का,' ही शंका मनात डोकावते. ती अगदीच निराधार नाही.

शांघायचा धडा

'सीट्रिप' या चिनी पर्यटन कंपनीने शांघायमधील कॉल सेंटरमध्ये २०१०-११ मध्ये नऊ महिन्यांचा प्रयोग केला. इच्छुकांपैकी काहींना आठवड्यातील चार दिवस घरून काम देण्यात आले, तर उरलेल्यांना कार्यालयातच ठेवण्यात आले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली. परंतु, तेवढीच कामगिरी करूनही त्यांना बढती मिळण्याचे प्रमाण मात्र घटले. एकाकीपणाच्या तक्रारीही पुढे आल्या आणि प्रयोगानंतर अनेकांनी पुन्हा कार्यालयाचा रस्ता धरला.

याच कंपनीतील दुसऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यात १,६१२ कर्मचारी होते आणि आठवड्यातून दोनच दिवस घरून काम होते. या वेळी बढत्यांमध्ये फरक आढळला नाही. उलट राजीनाम्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. दोन्ही प्रयोगांतील कामांचे स्वरूप वेगळे असले, तरी कार्यालयाशी नियमित संपर्क राखणे हिताचे, हे त्यातून सूचित होते.

काय करावे?

कामाची नोंद ठेवा : दर शुक्रवारी वरिष्ठांना चार-पाच ओळींचा आढावा पाठवावा. 'अहवाल पूर्ण केला' एवढेच न लिहिता, 'तक्रारींचा अहवाल दोन दिवस आधी दिला, त्यातून बिलातील चूक सापडली' असा परिणाम नमूद करावा. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी हीच टिपणे पुरावा ठरतात.

कार्यालयाचे दिवस हेरून निवडा : सहकारी आणि वरिष्ठ उपस्थित असतील, त्याच दिवशी जावे. एकट्याने करायचे काम घरी आणि चर्चेचे काम कार्यालयात, अशी विभागणी सोयीची ठरते. नवख्यांनी सुरुवातीचे काही महिने शक्य तितके कार्यालयातून काम करावे. ज्येष्ठांच्या शेजारी बसून जे शिकता येते, ते पडद्यावर सहसा मिळत नाही.

बढतीविषयी स्पष्ट विचारा : पुढील पदासाठी कोणती कौशल्ये अपेक्षित आहेत, हे वर्षाच्या मध्यावरच विचारून घ्यावे.

वाचलेला वेळ शिक्षणाला द्या : केंद्र सरकारच्या 'स्वयम्' व्यासपीठावर आयआयटीसह नामवंत संस्थांचे अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षा द्यावी लागते.

कामाला वेळेची चौकट घाला : घर हेच कार्यालय झाले की कामाचा दिवस संपतच नाही. रात्री उशिरा ई-मेलला उत्तरे देणे म्हणजे कार्यक्षमता नव्हे.

महिलांनी विशेष दक्ष राहावे

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, कामाचे स्वरूप तसे असल्यास, प्रसूती रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची तरतूद केली. अशी सवलत घेताना कामाचे तास, जबाबदाऱ्या आणि मूल्यमापनाचे निकष लेखी स्वरूपात घ्यावेत. अन्यथा सवलत मिळते. पण महत्त्वाचे प्रकल्प नकळत दुसऱ्यांकडे जातात.

'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण कार्यालयांनाही लागू पडते. घरून उत्तम काम करणे ही निम्मी लढाई आहे. ते काम योग्य व्यक्तीपर्यंत वेळेवर पोहोचवणे, ही उरलेली निम्मी.