आर्लबर्गची स्की-शाळा आणि सर्वांसाठी खुला झालेला उतार

आल्प्समधील मोठ्या स्की-केंद्रांत आज एकाच कुटुंबातील निष्णात आणि नवशिके एकत्र सुटी घालवू शकतात, ही सोय डोंगराने दिलेली नाही. ती माणसांनी घडवली, आणि तिच्या घडणीत पश्चिम ऑस्ट्रियातील आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी वसलेल्या सेंट आंटोन या गावाचा वाटा फार मोठा आहे. १८८४ मध्ये खिंडीखालून सुमारे १० किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा सुरू झाला, तेव्हा घाटरस्त्यावरच्या मालवाहतुकीवर पोट भरणाऱ्या श्टुबेनसारख्या गावांचा धंदा बसला. मात्र त्याच रेल्वेमुळे भर हिवाळ्यातही शहरातील पाहुणे थेट सेंट आंटोनला उतरू लागले. १९०१ मध्ये येथे स्की क्लब स्थापन झाला आणि १९०७ मध्ये गावातील हॉटेलमालक कार्ल शुलर यांनी पाहुण्यांना शिकवण्यासाठी श्टुबेनच्याच हान्नेस श्नायडर या कोवळ्या तरुणाला नेमले.

श्नायडर यांचे खरे कर्तृत्व स्वतःच्या कौशल्यापेक्षा त्यांनी शिकवण्याला लावलेल्या शिस्तीत दिसते. पहिल्या महायुद्धात पर्वतीय सैनिकांना प्रशिक्षण देताना, मोठ्या जमावाला थोड्या वेळात तयार करायचे तर शिक्षणाच्या पायऱ्या ठरलेल्या असाव्या लागतात, याचा त्यांना अनुभव आला होता. युद्धानंतर त्यांनी सुरू केलेल्या स्की-शाळेत विद्यार्थ्यांची विभागणी वकुबानुसार वर्गांत होई. नवशिका प्रथम ‘नांगर’ शिके, म्हणजे दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागचे भाग लांब ठेवून, गुडघे आत झुकवून, आतल्या कडा बर्फात रोवत वेग आवरे. त्यानंतर एकच स्की बाहेर ढकलून वळणे आणि अखेरीस दोन्ही स्की समांतर आणून वळण पुरे करणे, असा क्रम असे, आणि एक पायरी साधल्यावरच विद्यार्थी वरच्या वर्गात जाई. सर्व शिक्षक एकाच पद्धतीने शिकवत असल्यामुळे शिक्षक बदलला तरी शिक्षण खंडित होत नसे.

तरीही चढणीचा अडसर उरलाच होता. स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याचे पट्टे लावून, त्यांवरील मागे झुकलेल्या केसांच्या आधाराने न घसरता डोंगर चढावा लागे, त्यामुळे तासन्‌तास चढल्यावर काही मिनिटांची घसरण पदरात पडे आणि अशक्त माणूस मागेच राही. १९३७ मध्ये सेंट आंटोनहून गाल्झिग शिखराकडे रोपवे सुरू झाला आणि जवळच्या त्स्युर्समध्ये स्कीवर उभ्या माणसाला दोराने वर ओढून नेणारी लिफ्ट आली. दमछाकीची अट गेल्यामुळे सुटीचा दिवस खऱ्या अर्थाने शिकण्याला मोकळा झाला.

पुढच्याच वर्षी नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत करताच श्नायडर यांना अटक झाली, आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेतील नॉर्थ कॉनवे येथे गेले, तेथेही त्यांनी आपल्या पद्धतीची शाळा चालवली. ज्या गावाची कीर्ती त्यांनी घडवली, तेथूनच त्यांना जावे लागले, ही आर्लबर्गच्या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक घटना म्हटली पाहिजे.

विद्यार्थ्यांच्या वर्गांप्रमाणेच आज उतारांचीही वर्गवारी असते: सोप्या मार्गांना निळा, मध्यम मार्गांना लाल आणि अवघड मार्गांना काळा रंग देतात. सेंट आंटोनचे बरेच उतार मात्र आजही कठीण समजले जातात. म्हणून २०१६ मध्ये फ्लेक्सन रोपवेने हे गाव लेख आणि त्स्युर्स या गावांशी लिफ्टच्या अखंड जाळ्याने जोडले गेले, याचे महत्त्व मोठे आहे, कारण लेखच्या वरच्या अंगाचे सौम्य उतार त्यामुळे त्याच क्षेत्राचा भाग झाले.