शब्दवेध : क्राउटरॉक

'क्राउट' म्हणजे जर्मन भाषेत पालेभाजी, मुख्यतः कोबी. आंबवलेल्या कोबीचं 'साउअरक्राउट' हे जर्मनांचं नेहमीचं खाणं, म्हणून महायुद्धांच्या काळात इंग्रज आणि अमेरिकन सैनिक त्यांना हिणवून 'क्राउट' म्हणू लागले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश संगीत-पत्रकारांनी जर्मन बँडच्या प्रायोगिक रॉक संगीताला नाव देताना याच शिवीला 'रॉक' जोडला.

फाउस्ट या बँडने ती शिवी खुशाल अंगावर घेतली. 'फाउस्ट फोर' या १९७३च्या अल्बममधल्या पहिल्याच, जवळपास बारा मिनिटांच्या रचनेला त्यांनी 'क्राउटरॉक' हे नाव दिलं! अनेक वादकांना मात्र 'कोस्मिश', म्हणजे वैश्विक, हे विशेषण जवळचं वाटे.

या संगीताचं एक मोठं केंद्र म्युनिक. आमोन ड्यूल टू, पोपोल वू, एम्ब्रियो हे बँड म्युनिकचेच. पोपोल वूने वेर्नर हेर्त्सोगच्या 'आगिरे' (१९७२) चित्रपटाला संगीत दिलं.

शब्दाला मान मिळवून दिला तो चाहत्यांनी. ज्युलियन कोप हा स्वतः रॉक गायक. त्याने १९९५मध्ये 'क्राउटरॉकसॅम्पलर' हे पुस्तक लिहिलं, तेही समीक्षकाच्या थाटात नाही, तर वेड्या चाहत्याच्या उत्साहाने. कुठला अल्बम आधी ऐकावा, कुठला शोधून काढावा, हे त्यात जीव ओतून सांगितलंय. असं सांगणं मला कोरड्या समीक्षेहून मोलाचं वाटतं.

मराठी वाचकांनी सुरुवात एम्ब्रियोपासून करावी. बेळगावात जन्मलेल्या ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव, तालवादक त्रिलोक गुर्टू, १९७०च्या दशकात या बँडबरोबर वाजवत होते.