दख्खनचीं पालेजें व त्यांतील मधमाशी

मराठींत ‘वाळवंट’ हा एकच शब्द दोन अगदीं निराळ्या स्थळांस लावितात. एक मारवाडाकडील निर्जल प्रदेश. दुसरें पंढरपुरास चंद्रभागेच्या कांठीं वारकऱ्यांचे मेळे ज्यांत उतरतात तें नदीपात्रांतील वाळूचें मैदान. अवर्षणाच्या दख्खनांत उन्हाळ्याचें सर्वांत रसाळ फळ ह्या दुसऱ्या वाळवंटांतच पिकत असे. पावसाळा ओसरून पात्र उघडें पडलें म्हणजे भीमा-गोदावरीसारख्या नद्यांच्या वाळूंत कलिंगडाचे व खरबुजाचे वेल लावीत. ह्या लागवडीस पालेज म्हणत. हा शब्द फारशी ‘पालीज’ ह्याचें मराठी रूप होय. पालेजासंबंधानें आजवर जें थोडेंबहुत लिहिलें गेलें तें बियाणें, बादशहांची रसना आणि सरकारी पट्टा ह्यांविषयीं. ज्या जीवाच्या फेऱ्यांवांचून वेलावर फळ धरावयाचें नाहीं, त्या मधमाशीचें नांव मात्र ह्या इतिहासांत शोधावें लागतें. हें असें कां झालें, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत केला आहे.

सर्वांत जुना उपयुक्त उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रांतील आहे. हा ग्रंथ शामशास्त्र्यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केला. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांतील सीताध्यक्षाच्या प्रकरणांत कोणती जमीन कोणत्या पिकास योग्य हें सांगतांना, नदीच्या पाण्याचा फेंस ज्या कांठास येऊन लागतो तो कांठ वेलींच्या फळांस द्यावा असें म्हटलें आहे. ओसरत्या पाण्याचा ओलावा आणि गाळमिश्रित वाळू हें वेलफळांचें खरें क्षेत्र, ही गोष्ट त्या काळच्या शेतीखात्यास पक्की ठाऊक होती हें ह्यावरून उघड होतें. आतां त्याच अधिकरणांत थोडें मागें गेलें म्हणजे कोष्ठागाराच्या अध्यक्षाचें प्रकरण लागतें. तेथें कोठारांतील जिनसांत मधाची गणना केलेली आहे. म्हणजे एकाच ग्रंथाच्या एकाच भागांत मध आहे आणि नदीकांठचीं वेलफळेंहि आहेत, परंतु दोहोंना जोडणारी माशी मधल्या मध्यें उडून गेली आहे! सुश्रुतानें तर मधाचे आठ प्रकार सांगितले व त्यांतील कित्येकांस माश्यांच्या जातींवरून नांवें दिलीं. माश्यांचे भेद ओळखण्याइतकी सूक्ष्म दृष्टि आपल्याकडे होती. ती पोळ्याकडे वळली, फुलाकडे वळली नाहीं.

मुसलमानी अमदानींतील साक्ष अधिक रसभरित आहे. खरबुजाविषयीं बाबराइतक्या कळकळीनें दुसऱ्या कोणा राज्यकर्त्यानें क्वचितच लिहिलें असेल. हिंदुस्थानांत काय काय मिळत नाहीं ह्याची त्यानें जी यादी दिली आहे तींत खरबूज आहे. आणि १५२९ सालीं ख्वाजा कलानास लिहिलेल्या पत्रांत, काबूलकडून आलेलें खरबूज कापतांना आपणांस रडूं आलें असें तो सांगतो. पुढें आग्र्याच्या बागेंत बल्खच्या एका माळ्याकडून त्यानें खरबुजें पिकविलीं व तीं साधल्यावर त्यास मोठा संतोष झाला. येथें यशाचें श्रेय बियाणें, माळी व पाणी ह्यांस मिळालें आहे. आग्र्याच्या परक्या फुलांवर यमुनाकांठच्या माश्या येऊन बसल्या नसत्या तर बादशहाचा संतोष हुकलाच असता. पण त्यांचें काम कोणाच्या लक्षांत येण्याचें कारण नव्हतें.

ह्याबद्दल बाबरास किंवा कौटिल्यास दोष देणें अन्यायाचें होईल. वनस्पतींत स्त्रीपुरुषभेद आहे हें युरोपांत कामेरारियसनें १६९४ सालीं प्रयोगानें दाखविलें, आणि फुलाचा रंग, गंध व मध हीं सर्व कीटकांस बोलावण्याचीं साधनें आहेत हें श्प्रेंगेलनें १७९३ सालीं बर्लिनमध्यें छापलेल्या ग्रंथांत प्रथम विस्तारानें मांडलें. तेव्हां महादजी शिंदे पुण्यास वानवडीच्या छावणींत होते. श्प्रेंगेलच्या देशबांधवांनींहि त्याच्या ग्रंथाकडे बरींच वर्षें दुर्लक्ष केलें. मग आपल्या दप्तरखान्यांत मधमाशीच्या ह्या कामाची नोंद कोठून यावी?

आतां प्रत्यक्ष पालेज कसें करीत तें पाहूं. पाणी उतरलें म्हणजे वाळूंत ओल लागेपर्यंत खड्डे अथवा चर खणीत, त्यांत शेणखत भरीत व बीं टोंचीत. मुळें खालच्या ओलीस पोंचेपर्यंत घागरीनें पाणी घालावें लागे. पुढें वेल आपला आपण वाढे. वाऱ्यानें उडणारी वाळू वेलांवर येऊं नये म्हणून गवताच्या किंवा झांपांच्या आडोशाच्या रांगा करीत. फळ चैत्र-वैशाखांत हातीं येई, आणि पहिल्या पुराबरोबर शेत, बांध, आडोसा सगळेंच वाहून जाई. हें काम मुख्यतः भोई, धीवर अशा पाण्यावर पोट असलेल्या जातींचें. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत भोयांच्या वर्णनांत मासेमारी व पालखी वाहणें ह्यांच्या जोडीला नदीपात्रांत कलिंगडें-खरबुजें लावणें हाहि त्यांचा धंदा म्हणून दिला आहे. ज्याला कांठावर बिघाभर जमीन नाहीं, त्याला चार महिने शेतकरी होण्याची ही संधि होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ३७ व्या कलमानें नदीनाल्यांचीं पात्रें सरकारच्या मालकीचीं ठरविलीं, तेव्हांपासून ह्या धंद्याचा कागदोपत्रीं माग मुख्यतः पट्ट्यांतून लागतो. पट्ट्यांत वाळू मोजलेली असते, भाडें मोजलेलें असतें. ह्यापलीकडे महसुली कागदाकडून अपेक्षा करणें व्यर्थ.

परंतु पालेजाचें खरें नाटक पट्ट्यांत दिसत नाहीं. तें रोज सकाळीं चार-पांच घटकांत होऊन जातें. कलिंगडाच्या एकाच वेलावर नरफुलें निराळीं व मादीफुलें निराळीं असतात, आणि नरफुलें पुष्कळच अधिक. फूल सूर्योदयानंतर लवकरच उमलतें व त्याच दिवशीं दुपारीं मिटतें, तें पुन्हां उघडत नाहीं. पराग जड व चिकट असल्यामुळें वारा तो नेऊं शकत नाहीं. खरबुजाच्या बहुतेक जातींत नरफुलांबरोबर द्विलिंगी फुलें येतात. पण तेथेंहि पराग चिकटच, म्हणून एकाच फुलांत दोन्ही अंगें असून कीटकावांचून भागत नाहीं. मादीफुलाच्या मागें बोराएवढें फळ आधींच तयार दिसतें. माशी न आल्यास तें पिवळें पडून गळतें. अपुरी आल्यास एका बाजूस फुगलेलें, दुसऱ्या बाजूस खुरटलेलें वांकडें फळ होतें, कारण फुलाच्या तीनहि कुक्षींवर सारखे पराग पडावे लागतात. अमेरिकेंत १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून, कलिंगडाच्या मादीफुलास चांगलें फळ धरण्यास मधमाशीच्या निदान आठ भेटी लागतात असें दिसून आलें. अंधेरींत, जेथें हा लेख लिहिला जात आहे, चैत्रांत कलिंगडांच्या राशी लागतात. त्यांतील प्रत्येक वाटोळ्या फळामागें अशी एक गजबजलेली सकाळ झालेली असते, आणि गिऱ्हाईक ज्या वांकड्या फळास हात लावीत नाहीं त्याच्या वांट्याची सकाळ सुनी गेलेली असते.

दख्खनच्या पालेजांत हें काम कोण करी? आपल्याकडे पोळीं बांधणाऱ्या मुख्य जाती तीन: आग्या, सातेरी व फुलोरी. आग्या उंच झाडांस व कड्यांस एकच मोठें उघडें पोळें लावते व ऋतूप्रमाणें स्थलांतर करते. सातेरी झाडाच्या ढोलींत अनेक पोळीं समांतर बांधते. फुलोरी सर्वांत लहान. झुडपाच्या एका डहाळीस तळहाताएवढें पोळें लटकावून राहते, आणि उष्णता इतकी सोसते कीं तिची वस्ती थेट इराण व ओमानपर्यंत आहे. कोरड्या मुलखांतील वेलांवर हिचें उपकार विशेष. ह्यांशिवाय जमिनींत बिळें करणाऱ्या एकट्या राहणाऱ्या माश्या आहेत, त्यांना मराठींत धड नांवहि नाहीं. नदीकांठ हें ह्या सर्वांस सोयीचें ठिकाण होतें: कांठाला बाभूळ, निंब, करंज ह्यांचा फुलोरा, बिळांना वाळूमिश्रित माती, आणि उन्हाळ्यांत पोळें थंड राखण्यास लागणारें पाणी हाताशीं. माश्या बोलावण्याची गरजच नव्हती. आणि जें बोलावावें लागत नाहीं त्याचा हिशेब कोण ठेवितो?

उलट शत्रूंची नोंद पहा. कोंवळीं पानें खाणाऱ्या तांबड्या भुंगेऱ्यांवर चुलीची राख उडविण्याचा उपाय पालेजवाल्यांस परंपरेनें ठाऊक होता. फळमाशी तर आंतरराष्ट्रीय कीर्तीस चढली. ती कोंवळ्या फळास भोंक पाडून आंत अंडीं घालते व आंतील अळ्या फळ सडवितात. मूळची ही आपल्या बाजूची, पण तिचें शास्त्रीय नामकरण १८९९ सालीं झालें तें हवाई बेटांतील नमुन्यांवरून. तेथील पिकांचा तिनें इतका नाश केला कीं तिचा शत्रु शोधण्याकरितां माणूस हिंदुस्थानांत पाठवावा लागला, आणि १९१६ सालीं एक बारीक परजीवी गांधीलमाशी येथून हवाईस नेण्यांत आली. तिच्या शास्त्रीय नांवांत पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ फ्लेचर ह्यांचें नांव कायम झालें आहे. जपाननें ओकिनावा बेटांतून वंध्य केलेले नर सोडून ही माशी १९९३ पर्यंत समूळ घालविली. नुकसान करणाऱ्याचा असा पाठलाग झाला. फायदा करून देणारीकडे मात्र कोणी वळून पाहिलें नाहीं.

मधमाशी सरकारदरबारीं आली ती शेतीच्या दारानें नव्हे, ग्रामोद्योगाच्या दारानें. रेव्हरंड न्यूटन ह्यांनीं ह्या शतकापूर्वींच्या शतकांत, १९११ च्या सुमारास, त्रिचनापल्लीकडे सातेरीजोगी लहान पेटी तयार केली; १९२८ च्या शेतकी कमिशननें ह्या धंद्याची शिफारस केली; महाबळेश्वरास १९४६ पासून संघटित मधुपालन सुरू झालें. १९५७ सालीं खादी व ग्रामोद्योग आयोग अस्तित्वांत आला आणि १९६२ सालीं त्यानें पुण्यास मधमाशी संशोधनाची मध्यवर्ती संस्था काढली. आयोगाची मुख्य कचेरी आज अंधेरीला खेटून असलेल्या इर्ल्यावर, विलेपार्ल्याच्या हद्दींत आहे. पुण्याच्या संस्थेनें परागसिंचनाकडेहि लक्ष दिलें हें नमूद केलें पाहिजे. तरी धंद्याचें माप म्हणून जे आंकडे पुढें येतात ते पेट्यांचे व मधाच्या किलोंचे. ह्याचें एक कारण भूगोलांत आहे. पेटींत राहणारी सातेरी महाबळेश्वरच्या जांभूळ-हिरड्याच्या रानांत सुखानें नांदते. सोलापूर-बीडच्या उन्हाळ्यांत ती पेटी सोडून निघून जाते. पालेजावर खपणाऱ्या आग्या व फुलोरी उघड्यावर एकच पोळें बांधणाऱ्या, त्या पेटींत राहतच नाहींत. जी पेटींत मावली नाहीं ती अहवालांतहि मावली नाहीं.

इकडे पालेजच नाहींसें होत चाललें. गोदावरीवर जायकवाडीचें धरण १९७६ सालीं व भीमेवर उजनीचें १९८० सालीं पुरें झालें. नदीचें पाणी ऋतूऐवजीं आवर्तनानें येऊं लागलें आणि वाळू तर घरांच्या बांधकामासाठीं उपसून गेली. कलिंगड आतां कांठ चढून शेतांत आलें. ठिबकनळ्या व प्लॅस्टिकचें आच्छादन ह्यांवर तें कोरड्या माळावरहि पिकतें, परंतु त्याचा मालक बहुधा भोई नसतो. फळमाशी व रोग टाळण्यास कोंवळ्या वेलांवर पांढरें कापड पसरतात, आणि फुलें येतांच तें काढावें लागतें, नाहीं तर शत्रूबरोबर मित्रहि बाहेर राहतो. सकाळीं औषध फवारल्यास तेंच होतें. बांधावरची बाभूळ गेली, फुलोरीचें झुडूप गेलें. म्हणून कित्येक ठिकाणीं युरोपीय जातीच्या माश्यांच्या पेट्या भाड्यानें आणून ठेवाव्या लागतात. ही जात आपल्या देशांत १९६२ सालीं कांगड्याकडे नगरोट्यास प्रथम यशस्वीपणें रुजली.

माशीच्या कामाची किंमत रुपयांत पाहावयाची असेल तर जालना व बुलढाणा जिल्ह्यांकडे, विशेषतः देऊळगांव राजाच्या बाजूस, जावें. तेथें संकरित बियाणें जाळीघरांत तयार करितात. बियाण्याची शुद्धता राखण्यासाठीं मधमाशीला मुद्दाम बाहेर ठेवावें लागतें, आणि तिचें काम माणसाच्या हातीं येतें. कलिंगडाचें असें बियाणें करतांना आदल्या सायंकाळीं मादीफुलाची कळी झांकून ठेवावयाची, सकाळीं नरफूल खुडून त्याचे केसर तिच्या कुक्षींवर फिरवावयाचे, पुन्हां झांकून खूण बांधावयाची. हें काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया आहेत, आणि त्यांची रोजंदारी हजेरीपटावर चढते. कौटिल्यापासून जें काम बिनमोल म्हणून बिननोंद राहिलें त्याला ह्या हजेरीपटांत दर मिळाला आहे.

हे हजेरीपट, भाड्यानें आणलेल्या पेट्यांच्या पावत्या आणि भोयांच्या घरांत कोठें उरले असतील ते पालेजाचे जुने पट्टे एकत्र मिळाले तर ह्या विषयाचें पुढील काम करतां येईल. पट्टे आधीं पाहावेत. उजनी व जायकवाडीच्या कांठचीं कित्येक कुटुंबें गांव बुडाल्यामुळें एकदां उठलेलीं आहेत, आणि अशा उठण्यांत कागद सर्वांच्या आधीं हरवतात.